गेम कन्सोलच्या एका वर्षाचा हिशेब कसा मांडावा: 2017चे उदाहरण

डिसेंबर उजाडला की यंदा कोणत्या कन्सोलने बाजी मारली यावर गेम खेळणाऱ्यांमध्ये वाद रंगतो, आणि बहुतेक वेळा ज्याच्या घरी जे यंत्र असते त्याचीच त्या वादात सरशी होते. हा निवाडा थोड्या शिस्तीने करता येतो. पद्धत समजून घ्यायला 2017 हे वर्ष सोयीचे आहे, कारण त्या वर्षाचे सगळे आकडे आता हाती आहेत आणि तिन्ही मोठे स्पर्धक तेव्हा अगदी वेगवेगळ्या अवस्थेत होते.

कोणताही आकडा पाहण्यापूर्वी प्रत्येक यंत्राचे वय लिहून ठेवावे. निन्टेन्डोचा स्विच 3 मार्च 2017 रोजी बाजारात आला, म्हणजे त्या वर्षी तो तान्हे बाळ होता. सोनीचा प्लेस्टेशन 4 आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन हे नोव्हेंबर 2013 मध्ये एका आठवड्याच्या अंतराने आलेले, आपल्या चौथ्या-पाचव्या वर्षातले प्रौढ गडी. नव्या यंत्राने पहिल्या वर्षी आपण टिकणार आहोत हे सिद्ध करायचे असते. प्रौढ यंत्राने आधी जमवलेल्या गोतावळ्याला गेम आणि सेवा विकून पैसा मिळवायचा असतो. या दोघांना एकाच फूटपट्टीने मोजले, तर पाळण्यातल्या मुलाची आणि कमावत्या माणसाची मिळकत शेजारी मांडल्यासारखे होते. माझ्या मते वर्षाचा निकाल चुकण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे, आणि पुढचे सगळे टप्पे या एका नोंदीच्या आधाराने करायचे आहेत.

त्यानंतर विक्रीचे आकडे घ्यावेत, आणि ते घेताना दोन सापळे टाळावेत. पहिला सापळा आर्थिक वर्षाचा आहे. निन्टेन्डो आणि सोनी यांचे वर्ष एप्रिल ते मार्च असे चालते, तर मायक्रोसॉफ्टचे जुलै ते जून, त्यामुळे ‘2017ची विक्री’ म्हणून समोर येणारा आकडा नेमक्या कोणत्या बारा महिन्यांचा आहे हे आधी तपासावे लागते. उपाय कंटाळवाणा असला तरी सोपा आहे: तिमाही आकडे घेऊन कॅलेंडर वर्ष स्वतः जुळवावे. सोनीने प्लेस्टेशन 4 ची यंत्रे जानेवारी ते मार्च 2017 या तिमाहीत 29 लाख, पुढच्या तिमाहीत 33 लाख, त्यापुढच्या तिमाहीत 42 लाख आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या सणासुदीच्या तिमाहीत 90 लाख पाठवली. बेरीज 1 कोटी 94 लाख होते. स्विचचा 31 डिसेंबर 2017 पर्यंतचा आकडा 1 कोटी 48 लाख 60 हजार आहे, आणि तो बारा महिन्यांचा नसून दहा महिन्यांचा आहे. एका नजरेत प्लेस्टेशन पुढे दिसतो. मात्र महिन्याच्या सरासरीने पाहिले तर हे अंतर बरेच आक्रसते.

दुसरा सापळा ‘विक्री’ या शब्दातच दडलेला आहे. कंपन्या आपल्या तिमाही अहवालांत सहसा दुकानदारांकडे आणि वितरकांकडे पाठवलेल्या मालाचा आकडा देतात; गिऱ्हाइकाने प्रत्यक्ष घरी नेलेल्या यंत्रांचा आकडा वेगळा असतो. सोनीने जानेवारी 2018 मध्ये सांगितले की 2017 अखेरपर्यंत ग्राहकांनी 7 कोटी 36 लाख प्लेस्टेशन 4 विकत घेतले होते. त्याच तारखेपर्यंत पाठवलेल्या मालाचा आकडा याहून सुमारे तीस लाखांनी जास्त भरतो, आणि ती यंत्रे तेव्हा दुकानांच्या फळ्यांवर, गोदामांत किंवा वाटेत होती. यात लबाडी काही नाही, पण एका कंपनीचा पाठवलेला माल आणि दुसरीची घरी गेलेली यंत्रे यांची तुलना करणे ही मात्र उघड चूक आहे. ज्या यंत्राचा तुटवडा असतो त्याच्या बाबतीत हे दोन्ही आकडे जवळजवळ येतात. जपानमध्ये 2017 साली स्विच मिळवण्यासाठी दुकानांत सोडती काढाव्या लागत होत्या. अशा वेळी विक्रीचा आकडा लोकांची मागणी किती होती हे सांगत नाही. कारखान्यातून किती यंत्रे बाहेर पडू शकली एवढेच तो सांगतो.

आता वयाच्या नोंदीकडे परत यावे आणि समवयस्क तुलना करावी. प्लेस्टेशन 4 आल्यापासून 30 सप्टेंबर 2014 पर्यंत, म्हणजे साडेदहा महिन्यांत, सुमारे 1 कोटी 35 लाख यंत्रे पाठवली गेली होती. स्विचने दहा महिन्यांत 1 कोटी 48 लाख 60 हजारांचा टप्पा गाठला. दोघांच्याही वाट्याला नाताळचा एकेक हंगाम आला, प्लेस्टेशनला सुरुवातीला आणि स्विचला शेवटी, म्हणून ही तुलना बरीचशी न्याय्य आहे. पूर्णतः न्याय्य नाही, कारण जपानमध्ये प्लेस्टेशन 4 फेब्रुवारी 2014 पर्यंत आलाच नव्हता, तर स्विच जपान, अमेरिका आणि युरोपात एकाच दिवशी निघाला. असे फरक तुलनेशेजारी एका ओळीत लिहून ठेवावेत, नाहीतर सहा महिन्यांनी आपलाच आकडा आपल्याला फसवतो.

प्रत्येक यंत्राची तुलना त्याच्या पूर्वजाशी आणि कंपनीच्या स्वतःच्या अंदाजाशीही करावी. वी यू या निन्टेन्डोच्या आधीच्या कन्सोलची आयुष्यभरातली विक्री 1 कोटी 35 लाख 60 हजार होती. स्विचने ती दहा महिन्यांत मागे टाकली, आणि स्विचच्या पहिल्या वर्षाबद्दल याहून बोलका आकडा मला सापडलेला नाही. अंदाजांचे पाहिले तर एप्रिल 2017 मध्ये निन्टेन्डोने चालू आर्थिक वर्षासाठी एक कोटी यंत्रांचा अंदाज दिला होता, ऑक्टोबरमध्ये तो 1 कोटी 40 लाखांवर आणि जानेवारीत दीड कोटीवर नेला, आणि मार्च 2018 अखेर प्रत्यक्ष आकडा 1 कोटी 50 लाख 50 हजार भरला. सोनीने वय पाहून घट गृहीत धरली होती. तिचा 1 कोटी 80 लाखांचा अंदाजही पुढे वाढवावा लागला आणि आर्थिक वर्ष 1 कोटी 90 लाखांवर संपले. आदल्या वर्षीच्या दोन कोटींच्या मानाने ही घसरण असली, तरी पाचव्या वर्षात शिरलेल्या यंत्राने पाच टक्केच खाली यावे हे कमकुवत वर्षाचे लक्षण म्हणता येत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या रकान्यात मात्र आकडाच नाही. ऑक्टोबर 2015 पासून कंपनीने विकलेल्या कन्सोलची संख्या देणे थांबवले आणि त्याऐवजी एक्सबॉक्स लाइव्ह या आपल्या ऑनलाइन सेवेच्या मासिक सक्रिय वापरकर्त्यांचा आकडा पुढे केला. डिसेंबर 2017 च्या तिमाहीत तो 5 कोटी 90 लाख होता. या वापरकर्त्यांत संगणकावरून येणारेही मोडतात, त्यामुळे हा आकडा प्लेस्टेशनच्या 7 कोटी 36 लाखांशेजारी मांडण्याचा मोह टाळावा. अशा वेळी रकाना कोरा ठेवावा. तर्काने भरू नये. मोजमापच बदलले जाणे हा मात्र एक पुरावा आहे आणि त्याची नोंद करायला हरकत नाही. पुढे असलेली कंपनी स्वतःहून आपली मोजपट्टी सहसा बदलत नाही.

यंत्रे किती गेली यापेक्षा घेतलेल्या यंत्रावर लोक काय खेळले हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. मार्च 2018 अखेर 1 कोटी 77 लाख 90 हजार स्विचसाठी 6 कोटी 89 लाख 70 हजार गेम विकले गेले होते, म्हणजे यंत्रामागे जवळजवळ चार. यंत्रासोबत बांधून दिलेले गेमही या संख्येत धरलेले असतात, एवढे ध्यानात ठेवावे. त्यांतल्या ‘सुपर मारिओ ओडिसी’च्या 1 कोटी 4 लाख 10 हजार प्रती होत्या, आणि तो गेम येऊन तेव्हा पाच महिनेच झाले होते. एक मजेशीर नोंद अशी की मार्च 2017 मध्ये अमेरिकेत स्विचची सुमारे 9 लाख 6 हजार यंत्रे विकली गेली आणि त्याच यंत्रासाठीच्या ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’च्या मात्र जवळजवळ 9 लाख 25 हजार प्रती. काहींनी यंत्र हाती येण्यापूर्वीच गेम घेऊन ठेवला, तर काहींनी एक प्रत खेळायला आणि एक जपून ठेवायला घेतली असावी.

पैशाचा हिशेब पाहताना आकडा कोणाचा आहे हे नीट पाहावे. मार्च 2018 ला संपलेल्या वर्षात निन्टेन्डोचा संचालन नफा 177.5 अब्ज येन होता, आणि सोनीच्या गेम विभागाचा नफाही 177.5 अब्ज येनच निघाला. योगायोग विलक्षण आहे, पण विक्रीच्या रकमेत मोठे अंतर आहे: निन्टेन्डोची सुमारे 1,056 अब्ज येन आणि सोनीच्या विभागाची सुमारे 1,944 अब्ज. निन्टेन्डोच्या रकमेत 3डीएस हे हातातले यंत्र आणि जुन्या सुपर निन्टेन्डोची छोटी आवृत्तीही आहे, म्हणून सगळे श्रेय स्विचच्या पदरात घालता येत नाही. तरीही निम्म्याहून थोड्या जास्त विक्रीवर तेवढाच नफा, आणि तोही आदल्या वर्षीच्या 29.4 अब्जांवरून, हे निन्टेन्डोच्या बाजूचे भक्कम वजन आहे.

गेमच्या यादीकडे वळताना केवळ संख्या मोजू नये. वर्षभरात त्यांची पेरणी कशी झाली ते पाहावे. कागदावर बारा महिने आखून प्रत्येक महिन्यात त्या यंत्राकडे ओढून नेणारे काय आले ते लिहावे. स्विचच्या रकान्यात मार्चमध्ये ‘झेल्डा’, एप्रिलमध्ये ‘मारिओ कार्ट 8 डिलक्स’, जूनमध्ये ‘आर्म्स’, जुलैत ‘स्प्लॅटून 2’, ऑगस्टमध्ये ‘मारिओ + रॅबिड्स’, ऑक्टोबरमध्ये ‘ओडिसी’ आणि डिसेंबरमध्ये ‘झेनोब्लेड क्रॉनिकल्स 2’ येतात. ही मांडणी पाहिली की यंत्राचा जोर वर्षभर का टिकला ते कळते. यावर आक्षेप घेतला जातो की ‘मारिओ कार्ट’ हा 2014 च्या वी यूवरील गेमचाच वाढीव अवतार होता आणि ‘झेल्डा’ही वी यूवर त्याच दिवशी आला होता. आक्षेप खरा आहे, परंतु वी यू फार थोड्यांच्या घरी होता, त्यामुळे बहुतेकांसाठी हे गेम नवेच होते. उलट बाजूने हेही लिहावे की ‘असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स’ किंवा त्या वर्षीचा ‘कॉल ऑफ ड्यूटी’ स्विचवर आलेच नाहीत. केवळ स्विच असलेल्या माणसाला ते वर्ष त्या बाजूने कोरडेच गेले.

प्लेस्टेशनकडे 28 फेब्रुवारीला ‘होरायझन झिरो डॉन’, एप्रिलमध्ये ‘पर्सोना 5’, ऑगस्टमध्ये ‘अनचार्टेड’ मालिकेतला नवा भाग आणि ऑक्टोबरमध्ये ‘ग्रान टुरिस्मो स्पोर्ट’ होता, आणि शिवाय इतर प्रकाशकांचे जवळजवळ सगळेच मोठे गेम होते. एक्सबॉक्सच्या रकान्यात रद्द झालेल्या आणि पुढे ढकललेल्या गोष्टीही लिहाव्या लागतात: जानेवारीत ‘स्केलबाउंड’ रद्द झाला आणि ‘क्रॅकडाउन 3’ लांबणीवर पडत अखेर फेब्रुवारी 2019 मध्ये आला. सप्टेंबरमधला ‘कपहेड’ देखणा होता, पण नोव्हेंबरच्या 7 तारखेला 499 डॉलरला आलेल्या एक्सबॉक्स वन एक्स या अधिक शक्तिशाली आवृत्तीची ताकद दाखवायला तेवढा पुरणारा नव्हता. सर्वांत शक्तिशाली यंत्र आणि त्या ताकदीला साजेशा स्वतःच्या गेमचा अभाव, ही एक्सबॉक्सच्या त्या वर्षाची खरी अडचण होती.

समीक्षकांच्या गुणांना एका ओळीपेक्षा जास्त जागा देऊ नये. ‘झेल्डा’ आणि ‘ओडिसी’ या दोघांनाही समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर 97 गुण मिळाले आणि ‘झेल्डा’ने वर्षातल्या सर्वोत्तम गेमचा द गेम अवॉर्ड्स पुरस्कारही घेतला. यावरून दोन गेम कळतात, वर्ष कळत नाही.

किमतीचा विचार करताना यंत्राच्या किमतीत बाकीचा खर्चही मिळवावा. स्विच 299.99 डॉलरला होता, पण त्याची अंतर्गत साठवण अवघी 32 जीबी, म्हणजे मेमरी कार्ड जवळजवळ अटळ. दुसरीकडे ऑनलाइन खेळण्यासाठी प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर अमेरिकेत वर्षाला साठ डॉलरचे सदस्यत्व लागत होते, तर स्विचवर ते सप्टेंबर 2018 पर्यंत फुकट होते. भारतातल्या खरेदीदाराने यासाठी वेगळा कागद घ्यावा. निन्टेन्डोने स्विच इथे अधिकृतपणे आणलाच नाही, त्यामुळे मुंबई-पुण्यात तो मिळाला तो बाहेरून आणलेला, आणि कंपनीची भारतीय वॉरंटी त्याला नव्हती. शिवाय जुलै 2017 पासून कन्सोलवर 28 टक्के जीएसटी लागू झाला आणि तो 18 टक्क्यांवर यायला 1 जानेवारी 2019 उजाडावा लागला. जगात यशस्वी ठरलेले वर्ष आपल्या गल्लीत महागडे असू शकते. या दोन निकालांची सरमिसळ करू नये.

निकाल डिसेंबरमध्ये लिहायची घाई करू नये. सणासुदीच्या तिमाहीचे आकडे निन्टेन्डोने 31 जानेवारी 2018 ला आणि सोनीने 2 फेब्रुवारीला जाहीर केले, आणि वर्षातला निम्मा व्यवहार त्याच तिमाहीत झालेला असतो. निकाल लिहिताना प्रत्येक यंत्रासाठी त्याच्या वयाला साजेसा प्रश्न विचारून एकेक वाक्य लिहावे. माझी वाक्ये अशी होतात: सुरुवातीच्या वर्षात करायचे ते सगळे स्विचने केले आणि वर्ष त्याचे होते, प्लेस्टेशन 4 ने प्रौढ वयातली सत्ता राखली आणि संख्येने तोच पुढे होता, एक्सबॉक्सने यंत्र सुधारले, पण ते घ्यायला कारण दिले नाही.

शेवटी एक रकाना वर्षाच्या आत न फळणाऱ्या गोष्टींसाठी मोकळा सोडावा. 1 जून 2017 रोजी मायक्रोसॉफ्टने महिन्याला 9.99 डॉलरमध्ये शंभराहून अधिक गेम देणारा गेम पास सुरू केला. त्या वर्षीच्या तुलनांमध्ये त्याला फारशी जागा मिळाली नाही आणि त्या वर्षापुरते ते चूकही नव्हते, कारण यादीत बहुतांश जुनेच गेम होते. जानेवारी 2018 मध्ये कंपनीने आपले स्वतःचे नवे गेम पहिल्याच दिवशी गेम पासवर देण्याचे जाहीर केले, आणि 20 मार्चला ‘सी ऑफ थीव्ज’ तसा आला. तेव्हा 2017 च्या कागदावरची ती नोंद पुन्हा काढून वाचावी लागली.