फ्लॉवरची जात निवडताना आधी महिना बघा

पाणी, माती, मजूर यांचा हिशेब तुमचा झालेला असणारच.

आधी माल कुठं जाणार ते ठरवा. चोर्ला घाटातून हेलकावे खात गोव्याला जाणार असेल, तर गड्डा घट्ट आणि पानांनी झाकलेला हवा. बेळगावातच विकायचा असेल तर एवढी चिकित्सा नको.

मग लागणीचा महिना. माणसं इथंच फसतात, मीही फसलो. दुकानदार म्हणाला, "एक नंबर बियाणं आहे ओ, शेजारच्या गावात टिपूर माल निघाला." निघाला होता, पण थंडीत! मी तेच जूनमध्ये वाफ्यात टाकलं. झाडं मांडीएवढी झाली, पानं हत्तीच्या कानासारखी, गड्ड्याचा पत्ता नाही. दसऱ्याला लोकांच्या गाड्या भरत होत्या आणि मी पानं कापून म्हशींपुढं टाकत होतो.

गड्डा धरणं हवेवर असतं. पुसा मेघनासारख्या लवकरच्या जाती २० ते २७ अंशांत गड्डा धरतात. पुसा स्नोबॉल के-१ सारख्या उशिराच्या जातींना १० ते १६ अंशांचा गारवा लागतो. उलटी चूकही तितकीच महाग. लवकरची जात थंडीत लावली की रोप लहान असतानाच बटणाएवढा गड्डा येतो. दलाल तो उचलतो, फिरवून बघतो आणि न बोलता खाली ठेवतो. "युरिया टाका, सुधारेल" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, नुसती पानं वाढतात. दुकानात "चांगली जात कुठली" हा प्रश्नच चुकीचा आहे. "रोप कुठल्या महिन्यात लावायचं" ते विचारा. "कधीही लावा" असं उत्तर आलं तर पैसे खिशात ठेवून बाहेर पडा.

नवी जात पाच-सहा सऱ्यांतच लावा, तीही जुनी जात लावाल त्याच दिवशी. नाहीतर तुलना कशाशी करणार?

टोमॅटोत मात्र आधी रोग बघा. शेतात मर असेल तर बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का रक्षक बघा. पानमुरड, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना ती तोंड देते.

पावती आणि रिकामं पाकीट पीक निघेपर्यंत जपा. मी ते पाकीट चुलीत घातलं होतं. त्यावर हंगाम छापला होता की नाही, दुकानदाराशी भांडायला गेलो तेव्हा मलाच सांगता येईना.