घासलेलं अलॉय व्हील घरीच नीट केलं

दांडिया बाजारात गाडी लावताना पुढचं डावं चाक फुटपाथच्या कडेला घासलं. फार हळहळ वाटली. ओरखडे वरवरचे होते, तडा नव्हता, म्हणूनच घरी हात घातला. ब्रेकवर रंग उडू नये म्हणून चाक काढलं, धुतलं, थिनरने पुसलं. रिम आणि टायरच्या फटीत जुने पत्ते खोचले. टायर स्वच्छ राहतो. ओरखड्यांची वर आलेली टोकं २४० नंबरच्या पॉलिश पेपरने घासली, खड्ड्यांत पुट्टी भरली. ती पूर्ण वाळल्यावर ४०० आणि ८०० नंबरचा पेपर ओला करून फिरवला. इथे घाई नकोच, नाहीतर रंगाखालून रेघा दिसतात. मग प्रायमर, सिल्व्हर, क्लिअर कोट, सगळे पातळ हात. डायमंड कट, म्हणजे लेथवर कातून चकाकी आणलेली रिम असती तर मात्र लेथवालाच गाठला असता. संध्याकाळी आईने विचारलं, "घासलेलं चाक कुठलं रे?"