आजोबांचं आयुष्य लिहून काढायचंय? आम्ही कसं केलं ते सांगते

आजोबा गेले तेव्हा शिवाचे, म्हणजे आपल्या ज्यू लोकांच्या सुतकाचे, सात दिवस घरात माणसांची नुसती रीघ होती, आणि येणारा प्रत्येक जण तेच बोलायचा, फार चांगला माणूस, समाजासाठी खूप केलं हो. मी मान हलवायचे. मग तिसाव्या दिवशी सिनेगॉगमध्ये, म्हणजे आपल्या प्रार्थनाघरात, दोन शब्द बोल म्हणून मला सांगितलं आणि तेव्हा कळलं की "खूप केलं" म्हणजे नक्की काय केलं ते मला माहीतच नाही. फौजेत कधी गेले, कुठल्या लढाईत होते, कमिटीवर किती वर्षं होते, एकही गोष्ट धड सांगता येईना. त्यानंतर दीड वर्ष मी, बाबा आणि आत्या असे तिघं त्याच्या मागे लागलो आणि शेवटी साठेक पानांची एक पुस्तिका झाली. आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांत असे आजोबा घराघरात आहेत, नाहीतर होते, आधी फौज आणि मग उरलेलं सगळं आयुष्य सिनेगॉग, कबरस्तान, कोणाचं लग्न, कोणाचं मयत. तुम्हाला करायचं असेल तर आम्ही कसं केलं ते सांगते, म्हणजे आमचा जो वेळ फुकट गेला तो तुमचा जाणार नाही.

सगळ्यात आधी कागद शोधायला बसू नका, आम्ही तिथेच चुकलो. कागद कपाटात राहतात, माणसं राहत नाहीत. आम्ही तीन महिने ट्रंका उपसत बसलो आणि तेवढ्यात आजोबांच्या बरोबरीचे एक मामा गेले, ज्यांना त्यांचं लहानपण सगळं पाठ होतं. त्यामुळे आजच कागद घ्या, त्यांना ओळखणाऱ्यांची नावं वयाप्रमाणे लिहा, सगळ्यात म्हातारं माणूस सगळ्यात वर, आणि त्याच क्रमाने फोन करा. निम्मी माणसं इस्राएलमध्ये असणार, लोद, रामले, अश्दोद, दिमोना. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात अडीच तास आणि हिवाळ्यात साडेतीन तास मागे असतं आणि रविवार त्यांचा कामाचा दिवस, हे लक्षात ठेवा. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी रात्रीपर्यंत फोन आणि रेकॉर्डिंग दोन्ही नको, शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, पाळणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला त्या वेळी फोन समोर धरला तर ते तोंडावर काही बोलणार नाहीत पण मनातून खट्टू होतात.

प्रश्न विचारायची पण एक पद्धत आहे. "आजोबा कसे होते?" असं विचारलं की उत्तर "देवमाणूस" असंच येतं आणि गोष्ट तिथेच संपते. त्यापेक्षा विचारा, तुमच्या घरी ते शेवटचे कधी आले होते, कुठे बसले, हातात काय होतं, आल्या आल्या काय बोलले. आम्हाला सगळ्यात मोठी गोष्ट अशीच मिळाली. पेणच्या एका आजींना मी विचारलं की आजोबा तुमच्याकडे कशाला यायचे, तर त्या म्हणाल्या, अगं तो आमचा दहावा माणूस होता. म्हणजे असं, काद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात, आणि कोकणातल्या सिनेगॉगमध्ये लोक इस्राएलला गेल्यापासून दहा जमणं मुश्कील झालेलं. कोणाच्या बापाची पुण्यतिथी असली आणि माणसं नऊच भरली की ठाण्याला फोन यायचा आणि आजोबा पहाटेची एसटी पकडून पेण, कधी पनवेल, कधी अलिबाग गाठायचे. घरी फक्त "जरा जाऊन येतो" एवढंच सांगायचे, आजीला पण पूर्ण माहीत नव्हतं.

हे कळल्यावर मी त्यांची खिशातली छोटी डायरी परत काढली जी आधी मी फोन नंबरची म्हणून बाजूला टाकलेली. निळ्या रेक्झिनचं कव्हर, कडा घामाने काळ्या झालेल्या, आणि प्रत्येक पानावर गावाचं नाव आणि खाली उभ्या रेघा. चार रेघा आणि पाचवी आडवी, अशा दोन जुड्या. म्हणजे दहा पूर्ण. काही पानांवर नऊच रेघा होत्या आणि दहाव्या जागी छोटा गोल, तो गोल म्हणजे ते स्वतः. हे समजायला मला आठ महिने लागले. त्यामुळे हात जोडून सांगते, डायऱ्या, पासबुकं, बसची तिकिटं, लग्नपत्रिकांच्या मागे लिहिलेले हिशेब, यातलं काहीही पहिल्या वर्षात रद्दीत देऊ नका.

तारखांबद्दल एक सांगते. आपली जुनी माणसं तारीख सांगत नाहीत, सण सांगतात. नव्याच्या सणाला आले, दरफाळणीच्या आदल्या दिवशी गेले, होळीच्या सणात लग्न ठरलं. ते "बरं बरं" म्हणून सोडून देऊ नका कारण त्यातून नेमकी तारीख निघते, फक्त साल कळलं पाहिजे. नव्याचा सण म्हणजे रोश हशाना, दरफाळणी म्हणजे योम किप्पुर, होळीचा सण म्हणजे पुरिम, आणि हिब्रू तारखेची इंग्रजी तारीख करून देणारी कॅलेंडरं नेटवर फुकट आहेत. उदाहरण देते, आत्या म्हणायची की पाकिस्तानची ६५ ची लढाई थांबली आणि चारच दिवसांत नव्याचा सण होता, घरात गोड केलं पण आजी जेवली नाही कारण पत्र आलं नव्हतं. बघितलं तर १९६५ चा युद्धविराम २३ सप्टेंबरचा आणि रोश हशाना २७ सप्टेंबरला. आत्या तेव्हा सात वर्षांची होती आणि तिला तंतोतंत आठवत होतं.

आता फौजेचे कागद. आजोबा खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे, सॅपर, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअरिंगच्या कामाचे जवान, म्हणून भरती झाले आणि हवालदार होऊन बाहेर पडले. तुमच्याकडे दोन गोष्टी पहिल्यांदा शोधा, डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याची ऑर्डर. पीपीओ बहुतेक बँकेच्या कागदांत सापडतो कारण पेन्शन तिथेच यायची. दोन्हीवर सर्व्हिस नंबर असतो आणि तो नंबर मिळाला की अर्धं काम झालं. डिस्चार्ज बुकात भरतीची तारीख, ट्रेड, मेडल्स, ओळखीच्या खुणा आणि शेवटी वर्तणुकीचा शेरा असतो. आमच्या आजोबांच्या ओळखीच्या खुणेत उजव्या भुवईवर तीळ लिहिलाय. आम्ही सगळ्यांनी तो चेहरा आयुष्यभर बघितला आणि एकालाही तीळ आठवेना, मग जुना फोटो भिंग लावून बघितला, आहे. कागद हरवले असतील तर रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावं लागतं, सर्व्हिस नंबर, रँक आणि तुमचं नातं दाखवणारा पुरावा जोडून. तुमच्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा, अर्ज कसा करायचा ते तिथे सांगतात. वेळ लागतो, धीर धरा.

नावाचा घोळ मात्र आपल्यात ठरलेला. घरी एक नाव, सिनेगॉगमध्ये हिब्रू नाव, फौजेत तिसरंच. कोणी आडनाव पेणकर, रोहेकर, किहीमकर असं गावावरून लावतो, कोणी लावतच नाही आणि बापाचं नावच आडनाव होतं. त्याच्याही मागे गेलात तर सॅम्युअलचा सामाजी, अब्राहमचा अबाजी, इझिकेलचा हसाजी. आमच्या आजोबांचं आडनाव फौजेच्या कागदात नव्हतंच त्यामुळे पहिला अर्ज परत आला. सगळी नावं आणि सगळी स्पेलिंगं एका पानावर लिहून ठेवा आणि कुठेही विचारायला जाताना ते पान बरोबर न्या.

मेडल्स असतील तर खूप काही कळतं. ६५ ला लढाईच्या भागात असलेल्यांना समर सेवा स्टार मिळाला, रक्षा मेडल त्याहून बऱ्याच जास्त लोकांना मिळालं. ७१ ला पूर्व आघाडीवाल्यांना पूर्वी स्टार आणि पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार. मेडलच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर आणि नाव कोरलेलं असतं, स्टारच्या मागच्या बाजूला बघा. आणि कृपा करून चकचकीत करायला घासू नका! आमच्या एका काकांनी प्रेमाने पितळेच्या पॉलिशने सगळी मेडल्स घासली आणि एकाच्या कडेवरचा नंबर आता बोटाने चाचपून वाचावा लागतो. फोटो लॅमिनेट करू नका, आमचा खडकीचा परेडचा ग्रुप फोटो तसाच गेला, तो आता प्लास्टिकपासून सुटतच नाही. आधी मोबाईलवर उजेडात फोटो काढा, मागची बाजू पण, कारण मागे बहुतेक काहीतरी लिहिलेलं असतं. जुनी अंतर्देशीय पत्रं असतील तर पत्त्यात ५६ एपीओ आहे की ९९ एपीओ (एपीओ म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस) ते बघा, ९९ असेल तर साधारण पूर्वेकडे पोस्टिंग.

लढाईबद्दल आजोबा काही म्हणजे काही बोलायचे नाहीत. अशा माणसाबद्दल लिहिताना खूप मोह होतो की आपणच जरा शौर्य भरावं, तो टाळा. जे बोलले तेवढंच लिहा. आमच्याकडे एकच गोष्ट होती, आत्याला सांगितलेली, की ढाक्याला शरणागती झाली त्या संध्याकाळी त्यांनी बूट पॉलिशच्या डबीच्या झाकणात तेल ओतून बनियनच्या चिंध्यांच्या वाती लावल्या, पाच, हनुक्काच्या, म्हणजे आठ रात्रींचा दिव्यांचा सण, रोज रात्री एक दिवा वाढवतात. बाबांना वाटायचं ही घरात रचलेली गोष्ट असेल. मग कॅलेंडर काढलं, १६ डिसेंबर १९७१ म्हणजे हिब्रू किस्लेव महिन्याची २८, हनुक्काचा चौथा दिवस, आणि सूर्य मावळला की पाचवी रात्र. म्हणजे दिवे पाचच. ट्रंकेत पूर्वी स्टार होता आणि डिसेंबरच्या पत्रावर ९९ एपीओ. आम्ही पुस्तिकेत ती गोष्ट आत्याच्या शब्दांत जशीच्या तशी लिहिली आणि खाली या तीन गोष्टी लिहिल्या, बास. ज्यांचे पूर्वज कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली म्हणवले गेले त्यांच्या नातवाने तिथे दोन चमचे तेल कुठून मिळवलं हे मात्र कळलं नाही.

सिनेगॉगमध्ये काय मिळतं? भिंतीवरच्या संगमरवरी पाट्या, केतुबाचे, म्हणजे लग्नाच्या कराराचे, रजिस्टर, देणग्यांची वही, कमिटीच्या मीटिंगांची वही. ठाण्याचं शार हाशामाईम १८७९ चं, अलिबागचं मागेन अबोथ १८४८ चं, इतकी जुनी ठिकाणं आहेत, पण कागदांना वाळवी आणि पावसाळा दोन्ही लागतात त्यामुळे आता जाऊन फोटो काढा. मुकादम किंवा गब्बाई, म्हणजे सिनेगॉगचे कारभारी, कोण आहेत त्यांना आधी फोन करा, सणाच्या गडबडीत जाऊ नका. मीटिंगच्या वह्या वाचायला कंटाळा येतो पण तिथे खरं सोनं असतं. आमच्या आजोबांनी अकरा वर्षांत तीनदा राजीनामा दिलाय! तिन्ही वेळा कबरस्तानच्या भिंतीच्या दुरुस्तीवरून. आजी म्हणाली हे छापू नको, मी छापलं, कारण तो रागही समाजासाठीच होता आणि ती भिंत आज उभी आहे. तसं बघितलं तर फौजी माणूस आणि सिनेगॉग हे आपल्याकडचं जुनं नातं आहे, मुंबईतली सगळ्यात जुनी मशीद (आपल्याकडे सिनेगॉगलाच मशीद म्हणतात), मस्जिद बंदरजवळची शार हारहमीम, ती १७९६ मध्ये बांधली तीच मुळी सॅम्युअल इझिकेल दिवेकर या कंपनी सरकारच्या फौजेतल्या माणसाने, टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर.

कबरीवरची हिब्रू अक्षरं वाचता येत नसतील तर घाबरू नका, साल काढणं सोपं आहे. प्रत्येक अक्षराला किंमत असते, ताव ४००, शीन ३००, लामेद ३०, बेत २, बेरीज ७३२. पाच हजार बहुतेक लिहीतच नाहीत, ते ५७३२ असं धरायचं. ७३२ मध्ये १२४० मिळवा, १९७२ आलं. फक्त नव्याच्या सणापासून डिसेंबरपर्यंतची तारीख असेल तर एक वर्ष कमी करा. आणि गेल्याची हिब्रू तारीख ठरवताना वेळ विचारा, सूर्य मावळल्यावर पुढची तारीख लागते. आजोबा संध्याकाळी साडेसातला गेले, डेथ सर्टिफिकेटवरून नुसती तारीख बदलून घेतली असती तर आम्ही दर वर्षी एक दिवस आधी काद्दीश म्हटलं असतं. दगड कोरायला द्यायच्या आधी हझानला, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्याला, एकदा कागद दाखवाच, कोरल्यावर काही करता येत नाही.

लिहायला बसलात की एक काम करा, पहिला खर्डा झाल्यावर पेन घेऊन प्रेमळ, कष्टाळू, समाजसेवी, शिस्तप्रिय असे सगळे शब्द खोडा आणि प्रत्येकाच्या जागी एक प्रसंग लिहा. प्रसंग सापडला नाही तर ती जागा रिकामी जाऊ द्या. आमचा खर्डा अर्धा झाला पण वाचणाऱ्याला त्यात आजोबा दिसायला लागले. भाषा घरातलीच ठेवा, ते मलिदा म्हणायचे तर मलिदाच, मशीद म्हणायचे तर मशीद. इस्राएलमधल्या नातवंडांना मराठी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी आत्याने सगळं वाचून रेकॉर्ड केलं, बारा तुकड्यांत, ते छापलेल्या पुस्तिकेपेक्षा जास्त ऐकलं जातं.

छपाईला फार खर्च करू नका, आम्ही झेरॉक्सवाल्याकडे साध्या बाइंडिंगच्या चाळीस प्रती काढल्या. एक सिनेगॉगच्या कपाटात, एक पेणच्या आजींना, बाकी घरच्यांना. शेवटच्या पानावर पुढच्या दहा वर्षांत त्यांची हिब्रू पुण्यतिथी कुठल्या इंग्रजी तारखेला येते ते छापलं, कारण ती दर वर्षी सरकते आणि माणसं विसरतात, आणि त्याच्या खाली दहा उभ्या रेघा काढायला जागा सोडलीय.