विद्युतऋणता आणि आंतररेण्वीय बले : उत्तरे लिहिताना या चुका टाळा

इंदुरातल्या अकरावी-बारावीच्या शिकवणीच्या वह्या चाळल्या, तर एक वाक्य हमखास सापडते : ‘पाणी उकळताना हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यातील बंध तुटतो.’ हा बंध तोडायला दर मोलला सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जा लागते, तर शेजारशेजारच्या रेणूंना धरून ठेवणारा हायड्रोजन बंध जेमतेम २० किलोज्यूलचा असतो; उकळताना सुटतो तो हा दुसरा, आणि म्हणूनच वाफही पाणीच असते. प्रयोगशाळेत तापमापी ९८ अंशांवर अडकली, तर तिला दोष देऊ नये. पुस्तकातले १०० अंश समुद्रसपाटीच्या दाबाला धरून आहेत आणि इंदूर सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे.

दुसरी चूक अधिक चिवट आहे : बंध ध्रुवीय (एका टोकाला किंचित ऋण, दुसऱ्याला किंचित धन) असला, की रेणूही ध्रुवीय मानणे. लायनस पॉलिंग यांनी १९३२ साली मांडलेली विद्युतऋणतेची मोजपट्टी अणू बंधातील इलेक्ट्रॉन आपल्याकडे किती ओढतो एवढेच सांगते; रेणू ध्रुवीय आहे की नाही, हे ठरवायला त्याचा आकारही पाहावा लागतो. कार्बन टेट्राक्लोराइडमधला प्रत्येक बंध ध्रुवीय आहे (कार्बन २.५५, क्लोरीन ३.१६), पण चतुष्फलकीय मांडणीमुळे चारही ओढी एकमेकींना रद्द करतात. क्लोरोफॉर्ममध्ये एका क्लोरीनच्या जागी हायड्रोजन असल्याने ते मात्र ध्रुवीय आहे. तरीही क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळते आणि टेट्राक्लोराइड जवळजवळ ७७ अंशांना, कारण चौथ्या क्लोरीनमुळे इलेक्ट्रॉनांचा मेघ मोठा होतो आणि लंडन बल (इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक असमान वाटणीमुळे सर्वच रेणूंमध्ये निर्माण होणारे आकर्षण) वाढते. ‘लंडन बल सर्वांत दुर्बळ’ हा घोकलेला क्रम इथे दगा देतो. तो साधारण सारख्या आकाराच्या रेणूंची तुलना करतानाच वापरावा.

खरी परीक्षा हायड्रोजन फ्लोराइडची. फ्लोरीनची विद्युतऋणता ३.९८, ऑक्सिजनची ३.४४, तेव्हा हायड्रोजन फ्लोराइडचा उत्कलनबिंदू पाण्याहून जास्त, असे बहुतेक विद्यार्थी बेधडक लिहितात. प्रत्यक्षात तो सुमारे २० अंश आहे. एकेक बंध बळकट असला, तरी बंधांची संख्या पाहायला हवी : पाण्याच्या रेणूत दोन हायड्रोजन आणि दोन एकाकी (बंधात न गुंतलेल्या) इलेक्ट्रॉन जोड्या असल्याने तो चार बंधांपर्यंत गुंततो, तर हायड्रोजन फ्लोराइडकडे देण्यासाठी एकच हायड्रोजन असल्याने सरासरी दोनच बंध जमतात. कागदावर दोन्ही रेणू काढून तुटक रेषांनी शेजारी जोडले, की हे लगेच दिसते.

शेवटची चूक निव्वळ घाईची : सूत्रात हायड्रोजन आणि ऑक्सिजन दिसले, की हायड्रोजन बंध गृहीत धरणे. इथेनॉल आणि डायमिथाइल ईथर यांचे रेणुसूत्र एकच आहे, पण ईथरमधला प्रत्येक हायड्रोजन ऑक्सिजनला नव्हे, तर कार्बनला जोडलेला असल्याने त्याचे रेणू आपसांत असा बंध करू शकत नाहीत; इथेनॉल ७८ अंशांना उकळते आणि ईथर उणे २४ अंशांनाच.