न्यूजर्सीत मुलांकडे नव्याने आलेल्या आईबाबांसाठी: पुढे राहायचं कुठे?

साठी-पासष्टीच्या आसपास मुलाने किंवा मुलीने स्पॉन्सर केलं म्हणून ग्रीनकार्डावर न्यूजर्सीत आला असाल तर हे तुमच्यासाठी लिहितेय. मी या भागात तीसेक वर्षं राहतेय, मंडळातल्या ज्येष्ठांमध्ये उठबस असते, आणि नवीन आलेले आईबाबा पहिल्याच भेटीत सांगतात, आमचं काय, सहा महिने इथे सहा महिने तिथे. छानच आहे ते, अंगात ताकद आहे तोवर मस्त चालतं. पण हे कधीतरी थांबणार असतं. गुडघे थांबवतात, नाहीतर दोघांपैकी एक जण जातं, नाहीतर डॉक्टर म्हणतात आता एवढा लांबचा विमानप्रवास नको, आणि त्या दिवशी तुम्ही ज्या देशात असाल तिथेच राहून जाता, मग तिथे इन्शुरन्स असो नसो, घरात खाली बाथरूम असो नसो. म्हणून आपण शेवटी कुठे थांबणार हे दोघं धडधाकट असतानाच ठरवा. पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच ठरवा, कारण बरेच नियम पाच वर्षांच्या हिशोबाने चालतात आणि ते घड्याळ तुम्ही उतरलात त्या दिवसापासून सुरू झालंय.

ग्रीनकार्ड म्हणजे मोठ्या मुदतीचा टुरिस्ट व्हिसा नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. इथे राहायचंय म्हणून ते दिलेलं असतं. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात की एअरपोर्टवर प्रश्न विचारतात, वर्षाच्या वर गेलात आणि री-एन्ट्री परमिट नसेल तर कार्डच धोक्यात येतं. हे परमिट जास्तीत जास्त दोन वर्षांचं मिळतं आणि अर्ज तुम्ही अमेरिकेत असतानाच करावा लागतो, पुण्यात जाऊन आठवलं तर उपयोग नाही. सिटिझन व्हायचं असेल तर पाच वर्षं, त्यातले निदान ३० महिने प्रत्यक्ष इथे असायला हवेत. वर इंग्रजीची आणि नागरिकशास्त्राची परीक्षा, २०२५ च्या ऑक्टोबरपासून प्रश्नसंच १२८ प्रश्नांचा झालाय. वयस्कर लोकांना इंग्रजीतून सवलत आहे असं कोणीतरी सांगतं आणि आपण निर्धास्त होतो, पण ती सवलत १५-२० वर्षं ग्रीनकार्डावर काढलेल्यांना आहे, पासष्टीला आलेल्या माणसाच्या ती काय कामाची. टाउनच्या लायब्ररीत इंग्रजी संभाषणाचे वर्ग असतात, आल्याआल्या नाव घाला, परीक्षेला उपयोग होतोच पण चार ओळखीसुद्धा होतात.

आता आजारपण, यावर जरा जास्त लिहिते कारण राहायचं कुठे हे खरंतर यावरच ठरतं. मेडिकेअर, म्हणजे इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, ६५ नंतर सगळ्यांना फुकट अशी आपल्याकडे समजूत आहे. तसं नाहीये. पार्ट ए, म्हणजे हॉस्पिटलचा भाग, फुकट मिळतो तो तुम्ही किंवा तुमच्या जोडीदाराने इथे साधारण १० वर्षं नोकरी करून ४० क्रेडिट (सोशल सिक्युरिटीचा टॅक्स भरून जमणारे गुण) जमवली असतील तर. मुलाच्या नोकरीवर आईवडिलांना मिळत नाही. आणि भारत-अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा करार नाही, म्हणजे तिकडे ३५ वर्षं बँकेत किंवा शाळेत काढली असतील तरी इथे त्याचं एकही क्रेडिट नाही. ज्यांच्याकडे क्रेडिट नाहीत त्यांना ६५ पूर्ण आणि इथे सलग ५ वर्षं वास्तव्य झाल्यावर विकत घेता येतं. २०२५ साली पार्ट ए विकत घ्यायचा पूर्ण हप्ता महिना ५१८ डॉलर होता आणि पार्ट बीचा, म्हणजे डॉक्टर-तपासण्यांच्या भागाचा, १८५, म्हणजे नवराबायको दोघांचे मिळून महिना चौदाशेच्या वर, आणि दरवर्षी वाढतंच. फक्त पार्ट बी घेता येतो, पण मग हॉस्पिटलमध्ये भरती व्हायची वेळ आली की खर्च अंगावर. पात्र झाल्यावर वेळेत घेतलं नाही तर पार्ट बीला दर वर्षाच्या उशिरामागे १० टक्के जास्तीचा हप्ता लागतो आणि तो कायमचा. आणि ते पाच वर्षांचं वास्तव्य सलग लागतं, मध्ये आठ-नऊ महिने सांगलीला जाऊन राहिलात तर त्यावरून अडू शकतं. सहा-सहा महिन्यांची आखणी करताना हे कोणी बघतच नाही.

मग पहिल्या पाच वर्षांत काय? मुलाच्या ऑफिसच्या इन्शुरन्समध्ये आईवडील सहसा बसत नाहीत. मेडिकेडला, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्याला, न्यूजर्सीत नवीन ग्रीनकार्डवाल्या मोठ्या माणसांना पाच वर्षं थांबावं लागतं. राहतं ते गेट कव्हर्ड एनजे नावाचं राज्याचं इन्शुरन्सचं मार्केटप्लेस, तिथे विकत घेता येतं, पण उत्पन्न अगदी कमी असलेल्या नव्या ग्रीनकार्डवाल्यांना २०२६ पासून फेडरल सबसिडी बंद झालीय, त्यामुळे हप्ता किती येतो ते मुलांसोबत बसून आकड्यांनिशी बघा. व्हिजिटर इन्शुरन्सवर वर्षानुवर्षं ढकलू नका, बीपी-शुगरसारखे जुने आजार त्यात बहुतेक बसत नाहीत आणि आपल्या वयात दुखणं येतं ते जुन्यातूनच येतं.

आणि सगळं मिळालं तरी मेडिकेअर एक गोष्ट देत नाही, ती म्हणजे रोजची सेवा. आंघोळ घालायला, उठवून बसवायला, रात्री सोबतीला माणूस, हे मेडिकेअर महिनोन् महिने देत नाही. ऑपरेशन देईल, नंतर थोडे दिवस नर्स-फिजिओ देईल, पण त्यानंतर लागणारी बाई स्वतःच्या खिशातून, तासाच्या डॉलरवर. याउलट भारतात मोठ्या हॉस्पिटलचं बिल घाबरवतं पण दिवसरात्रीची मावशी, घरी येणारा फिजिओ, घरी येऊन रक्त घेऊन जाणारा मुलगा, हे मध्यमवर्गीय पेन्शनमध्ये बसवता येतं. माझ्या सासूबाई याच हिशोबाने परत गेल्या. इथे आमच्याकडे होत्या, सगळं व्यवस्थित होतं, पण त्यांनी स्वतः सांगितलं की मला पुढे माणूस लागणार आणि तुम्ही दोघं नोकरीवर, मी सांगलीला जाते, तिथे दोन घरं सोडून पुतण्या आहे. शेवटची वर्षं त्यांनी मावशींच्या सोबतीने काढली, आम्ही जाऊनयेऊन होतो. त्यांचा निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं, आणि मी स्वतः मात्र इथेच राहणार आहे, कारण माझी क्रेडिट इथली, मैत्रिणी इथल्या, आणि सांगलीत आता हाक मारल्यावर येईल असं माणूस उरलेलं नाही. म्हणजे उत्तर प्रत्येकाचं वेगळं, पण प्रश्न हाच विचारा: रात्री दोन वाजता पडले तर दहा मिनिटांत कोण येईल?

इथेच राहायचं ठरलं तर कोणाकडे आणि कुठल्या गावात, हेही बघायला हवं. नातवंडासाठी आलात ना, मग त्याचं वय मोजा. आज दोन वर्षांचं पोरगं अठराव्या वर्षी कॉलेजला जाणार, तेव्हा तुम्ही ऐंशीच्या आसपास असाल. बारा-तेराव्या वर्षापासूनच त्याला आजीने बसस्टॉपवर न्यायला यायला नको असतं, ते स्वाभाविक आहे, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमचा पूर्ण दिवस त्याच्याभोवतीच बांधलेला असेल तर तो एकदम रिकामा होतो. आणि मुलाची नोकरी टेक्सासला गेली तर तुम्ही मागोमाग ऑस्टिनला जाणार का, परत सगळ्या नव्या ओळखी करणार का, हे आत्ताच मोकळेपणी बोलून घ्या. त्याला बोलायला अवघड जातं, तुम्हीच विषय काढा.

मुलांनी मोठ्या हौसेने आतल्या डेव्हलपमेंटमध्ये घर घेतलेलं असतं, शांत, हिरवंगार, आणि गाडी नसेल तर दुधाची पिशवीसुद्धा आणता येत नाही. बाहेर फुटपाथही नसतो. हिवाळ्यात तर रस्त्यावरच्या न दिसणाऱ्या बर्फावर घसरून खुब्याचं हाड मोडलेली माणसं दरवर्षी बघते मी. त्यामुळे जमत असेल तर मुलांनी घर बदलताना तुमचा शब्द घालाच: खाली एक बेडरूम आणि पूर्ण बाथरूम, चालत जाता येईल असं काहीतरी, लायब्ररी, दुकान, ट्रेनचं स्टेशन. मेटचनसारखं गाव मला म्हणूनच आवडतं, स्टेशन आणि मुख्य रस्ता गावाच्या मधोमध, देशी दुकानांचा ओक ट्री रोड जवळ. एनजे ट्रान्झिटमध्ये ६२ पूर्ण झालेल्यांना कमी भाडं आहे, ट्रेनने एकटं न्यूब्रन्सविकला जाऊन आलात की आत्मविश्वास येतो. टाउनच्या सीनिअर सेंटरची व्हॅन चौकशी करून ठेवा, बऱ्याच गावांत डॉक्टरकडे आणि बाजाराला नेतात. आपल्या भागात देशी जेवण देणारी अ‍ॅडल्ट डे केअर पण आहेत, सकाळी व्हॅन घ्यायला येते, पत्ते, भजन, व्यायाम, नर्स असते, काही जणांना तिथे जायला कमीपणा वाटतो पण दिवसभर बंद घरात टीव्हीसमोर बसण्यापेक्षा शंभर पटीने बरं. पैसे कोण भरणार ते मात्र आधी विचारा, मेडिकेड नसेल तर स्वतः भरावे लागतात. मराठी विश्व या इथल्या मराठी मंडळाचे कार्यक्रम, ब्रिजवॉटरचं बालाजी मंदिर, मराठी शाळेत रविवारी मुलांना गोष्टी सांगायला जाणं, हे सगळं पहिल्याच वर्षी सुरू करा, पंचाहत्तरीनंतर नवीन ओळख करायला उठवत नाही.

परवडत असेल तर मुलांच्या जवळ पण वेगळं राहणंही चांगलं. मन्रो भागात ५५ वर्षांवरच्यांच्या कॉलनी आहेत, एकमजली घरं, क्लबहाउस, बर्फ काढायची काळजी नाही, आपली माणसंही तिथे बरीच. फक्त महिन्याची फी आणि न्यूजर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स दोन्ही धरून हिशोब करा, हा टॅक्स देशात सगळ्यात जास्त असणाऱ्यांपैकी आहे.

परत जायचं ठरलं तर पुण्याचा किंवा ठाण्याचा फ्लॅट आत्ताच नीट बघा. तिसरा मजला आणि लिफ्ट नाही अशा बिल्डिंगमध्ये ऐंशीव्या वर्षी माणूस घरात कोंडला जातो, ते आता विकून लिफ्टवाल्या जागेत जाणं सत्तरीच्या आत जमतं, नंतर झेपत नाही. ज्येष्ठांसाठीचे प्रकल्पही आहेत, पुण्यात अथश्री तर बरीच वर्षं चाललंय. जाऊन चार दिवस राहून बघा आणि अंथरुणाला खिळल्यावरही तिथे ठेवून घेतात का हे स्पष्ट विचारा, कारण काही ठिकाणी फक्त हिंडत्या-फिरत्या माणसांचीच सोय असते. भारतातली मेडिक्लेम पॉलिसी इथे आलात म्हणून बंद पाडू नका. २०२४ पासून नवी पॉलिसी घ्यायला ६५ ची अट राहिली नाही हे खरं, पण नव्या पॉलिसीत जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबायला लागू शकतं. ७० वरच्यांना आयुष्मानचं ५ लाखांचं कव्हर आहे, ते एका कुटुंबाला मिळून वर्षाचं. मेडिकेअर भारतात चालत नाही, म्हणजे इथला हप्ता भरत राहून तिथे राहणाऱ्यांना दोन्हीकडचा खर्च.

घर मुलांच्या नावावर करायची घाई नको, एवढं कळकळीने सांगते. मृत्युपत्र करा, राहतं घर जिवंतपणी देऊन टाकू नका. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सांभाळायच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत मिळवायची सोय आहे, पण त्यासाठी म्हातारपणी ट्रिब्युनलच्या पायऱ्या कोण चढणार.

पैशाचं थोडक्यात. ग्रीनकार्ड हातात आलं की अमेरिका जगभरच्या उत्पन्नावर टॅक्स मोजते, तुमची पेन्शन, एफडीचं व्याज, भाडं सगळं. भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरायचा, टॅक्स लागत नसला तरी. भारतातले म्युच्युअल फंड इथल्या टॅक्समध्ये फार किचकट पडतात, त्यामुळे अजून आला नसाल तर निघण्याआधीच दोन्हीकडचं कळणाऱ्या सीएला दाखवा. बँकेत एनआरआय झाल्याचं कळवून बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्या. पुण्यातला फ्लॅट न सांगता इथे मेडिकेड घ्यायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका, ती खोटी माहिती ठरते आणि निस्तरावं मुलांना लागतं.

पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबरचा हयातीचा दाखला विसरू नये, जीवन प्रमाणवर फोनवरून होतो, नाहीतर कॉन्सुलेटमधून. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी भारतात असतानाच विश्वासू माणसाच्या नावे रजिस्टर करून ठेवलेली बरी, इथून केली तर तिथे पोचल्यापासून तीन महिन्यांत स्टॅम्प करून घ्यावी लागते. माणूस गेल्यावर ती संपते, म्हणून ती असली तरी मृत्युपत्र लागतंच, तिकडच्या आणि इकडच्या मालमत्तेची वेगळी केलेली सोपी जातात. व्हेंटिलेटरवर किती दिवस ठेवायचं हे दोन्ही देशांत लिहून ठेवता येतं, इथे डॉक्टरांच्या ऑफिसात फॉर्म मागा, भारतात २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी एवढ्यावर होतं. एक प्रत मुलाकडे, एक मुलीकडे, आणि सुनेला-जावयालाही कुठल्या कपाटात आहे ते दाखवून ठेवा, कारण हॉस्पिटलमध्ये सोबत बहुतेक तेच असतात.