महागडे नॉइज कॅन्सलिंग बड्स तपासताना या चुका टाळा

वीस-पंचवीस हजारांचे नॉइज कॅन्सलिंग (म्हणजे उलटी लहर सोडून बाहेरचा आवाज दाबणारे) बड्स घेतल्यावर पहिल्या आठवड्यात येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात: ‘बेस नाही’, ‘बाहेरचा आवाज बंदच होत नाही’, ‘एक बाजू हळू वाजते’. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ चिपमध्ये नसतं, कानात बसवलेल्या रबरात असतं. म्हणून बड्स बदलून मागण्याआधी रबर तपासा.

डबीतून काढले आणि तसेच घातले

कंपनी सहसा मधल्या मापाचं रबर लावून देते. ते तुमच्या कानाला बसेलच असं नाही, आणि दोन्ही कानांना एकच माप लागेल असंही नाही. उजव्याला मध्यम आणि डाव्याला लहान लागणं अगदी नेहमीचं आहे.

फट राहिली की दोन गोष्टी एकदम बिघडतात. जाड आवाज, म्हणजे ढोलकीचा धूम, टिकायला कानाच्या नळीत बंद जागा लागते. फटीतून तो दाब निसटतो आणि गाणं पातळ वाजतं. दुसरं म्हणजे बाहेरची घरघर त्याच फटीतून आत येते. बडच्या आतल्या बाजूचा माइक कानातला उरलेला आवाज ऐकून उलटी लहर तयार करायला मदत करतो. फट असेल तर त्याचा हिशेबच चुकतो.

तपासायची पद्धत सोपी आहे. ढोलकी किंवा बेस गिटार स्पष्ट असलेलं गाणं लावा आणि बड बोटाने अलगद आत दाबा. दाबल्यावर बेस वाढला, तर रबर लहान आहे किंवा नीट बसलेलं नाही. घालताना दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, बड आत सरकवा, थोडा फिरवा आणि कान सोडा. मग भाकरीचा तुकडा चावून बघा. जबडा हलताना दर घासाला आवाज बदलत असेल, तर दुसरं माप लावा. मोठंच रबर चांगलं, हाही गैरसमज आहे. फार मोठ्या रबराला आत सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीतूनच हवा जाते. फोमचं असेल तर आधी चिमटून बारीक करा, घाला आणि ते फुगेपर्यंत पंधरा-वीस सेकंद बोटाने धरून ठेवा. कानाला घाम किंवा तेल असेल तर आधी पुसा, नाहीतर योग्य मापही घसरतं.

ॲपमध्ये ‘फिट टेस्ट’ असेल तर ती जरूर करा, पण ती पास झाली म्हणून भाकरीची चाचणी सोडू नका.

कूलरसमोर बसून परीक्षा

उन्हाळ्यात खान्देशात घरोघरी कूलर चालतो. त्याची एकसुरी घरघर नॉइज कॅन्सलिंगसाठी उत्तम परीक्षा आहे, पण वाऱ्याच्या झोतात बसलात तर निकाल उलटा लागतो. वारा बाहेरच्या माइकवर आदळतो, फडफड होते आणि बड्स खराब आहेत असं वाटतं. म्हणून शेजारच्या खोलीत दार उघडं ठेवून बसा, म्हणजे घरघर ऐकू येईल आणि वारा लागणार नाही. मग तीन पायऱ्या करा: बड्स काढून ऐका, बड्स घालून कॅन्सलिंग बंद ठेवून ऐका, शेवटी कॅन्सलिंग चालू करा. पहिल्या दोन पायऱ्यांतला फरक रबराचा, पुढचा यंत्राचा. पैसे मुख्यतः या दुसऱ्या फरकाचे असतात. काही मॉडेलमध्ये ‘बंद’ हा पर्याय ॲपमधून आधी सुरू करावा लागतो.

कशाची अपेक्षा करायची तेही ठरवा. पिठाच्या गिरणीची घरघर, एसटीचं इंजिन, रेल्वेच्या डब्यातला गडगडाट हे सारं चांगलं कमी होतं, कारण ते जाड आणि सतत चालणारे आवाज आहेत. भुसावळ फलाटावरच्या चहावाल्याची आरोळी, इंजिनाचा भोंगा, लहान मुलाचं रडणं मात्र ऐकू येणारच. साधारण एक हजार हर्ट्झच्या वरचा आवाज प्रामुख्याने रबरच अडवतं. हा दोष समजून बड्स परत करू नका.

आवाजाची पातळी न जुळवता तुलना

दुकानात दोन जोड्या ऐकताना जी थोडी मोठ्याने वाजते तीच ‘भारी’ वाटते. आधी दोन्हींचा आवाज कानाने सारखा करा, इक्वलायझर (बेस-ट्रेबल कमीजास्त करणारी सेटिंग) बंद ठेवा, गाणं आणि ॲप तेच ठेवा. कोणता फोन आहे तेही बघा. ब्लूटूथवरून आवाज पाठवायच्या पद्धतींपैकी (कोडेक) आयफोन एसबीसी आणि एएसी याच देतो. त्यामुळे एलडॅक या जास्त डेटा पाठवणाऱ्या कोडेकसाठी जादा पैसे मोजणाऱ्या आयफोनवाल्याला त्याचा काही उपयोग नाही. अँड्रॉइडवर एलडॅक ९९० केबीपीएसपर्यंत (सेकंदाला ९९० किलोबिट) जातो, पण गर्दीच्या फलाटावर त्याच वेगाला आवाज तुटतो. सेटिंगमध्ये ‘कनेक्शनला प्राधान्य’ निवडा आणि फोन मागच्या खिशातून पुढच्या खिशात आणा, कारण शरीर सिग्नल अडवतं.

लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की गाण्याचा दर्जा अचानक पडतो. तो बिघाड नव्हे. माइक चालू झाल्यावर ब्लूटूथ कॉलच्या मोडमध्ये जातं. माइक कसा आहे ते बघायला रस्त्याच्या कडेला उभं राहून दुसऱ्या फोनवर कॉल लावा आणि समोरच्याला विचारा. आपल्याला आपला आवाज कसा जातो ते कळत नाही.

बॅटरीचा आकडा

खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा डबीसकटचा, कधी कॅन्सलिंग बंद ठेवून मोजलेला असतो. सोनीच्या डब्ल्यूएफ-१०००एक्सएम५ चं उदाहरण घ्या: कॅन्सलिंगसह ८ तास, त्याशिवाय १२, डबी धरून २४. तुमची मोजणी कॅन्सलिंग चालू आणि आवाज निम्मा ठेवून करा.

जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत चढतो आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याहून जास्त. अशी तापलेली डबी चार्जिंगला लावू नका. लिथियम बॅटरीला ते सोसत नाही. चार्जिंग आपोआप थांबलं तर तो संरक्षणाचा भाग आहे. गार करायला फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, आत दव जमतं. सावलीत अर्धा तास पुरतो.

एक बाजू हळू, किंवा चार्जच होत नाही

हळू वाजत असेल तर रबर काढून जाळी बघा. मळ किंवा जिनिंगजवळ राहणाऱ्यांकडे कापसाचा तंतू अडकलेला दिसतो. जाळी खाली करून कोरड्या मऊ ब्रशने झाडा. सुई, टाचणी, फुंकर नको. चार्ज न होणाऱ्या बडच्या आणि डबीतल्या पिना कोरड्या कापसाच्या काडीने पुसा. तरीही नाही जमलं तर फोनच्या यादीतून बड्स काढा, मॅन्युअलप्रमाणे रीसेट करा आणि पुन्हा जोडा.

खोक्यावरचं पाणी-धुळीचं मानांकन आयपीएक्स४ म्हणजे शिंतोड्यांपासून संरक्षण, तेवढंच. ‘एक्स’चा अर्थ धुळीची चाचणी नोंदवलेली नाही. शेतात, मालधक्क्यावर वापरणार असाल तर धुळीचीही चाचणी झालेलं आयपी५४ पाहा. डबीला अनेकदा असलं कुठलंच मानांकन नसतं, म्हणून ती घामाच्या खिशात ठेवू नका.

खरेदीआधी जीएसटी बिल, भारतातली वॉरंटी आणि सर्व्हिस सेंटर जिल्ह्यात आहे की नाशिकला जावं लागेल, हे विचारून घ्या. ऑनलाइन घेतलेत तर सील फोडतानाचा व्हिडिओ काढा आणि परत करायची मुदत आधी वाचा. वरच्या सगळ्या चाचण्या त्या मुदतीतच उरकायच्या आहेत.