मालवणला सणाला येताय? मग आधी हे वाचा

दरवर्षी श्रावण लागला की ऑफिसातलं नाहीतर सोसायटीतलं कोणीतरी विचारतंच, "तुमच्या मालवणात नारळी पौर्णिमा भारी असते ना, येऊ का?" या की, नाही कोण म्हणतंय. पण दरवेळी तेच तेच फोनवर सांगून माझा घसा बसतो म्हणून यंदा एकदाच सगळं लिहून टाकतोय, पुढे कोणी विचारलं की हेच पाठवणार.

पहिलं म्हणजे कशासाठी येताय ते ठरवा. मालवण शहरात बाहेरच्या माणसाने मुद्दाम यावं असे मोठे दिवस माझ्या मते दोनच, नारळी पौर्णिमा आणि दिवाळीचा पाडवा. आंगणेवाडीची जत्रा आपल्याच तालुक्यातली, मसुऱ्याची, पण तिचं गणित पूर्ण वेगळं आहे, तिला तिथीच नसते, देवीचा कौल झाला की तारीख ठरते आणि ती कळल्यावर गाड्यांची तिकिटं बघता बघता संपतात, म्हणून तिच्याबद्दल पुन्हा कधीतरी. बाकी दोघांना तिथी आहे, पण कॅलेंडरवर नुसतं लाल खूण बघून तिकीट काढू नका. पौर्णिमा कधीकधी दोन दिवसांवर सांडते, तेव्हा शहरातला नारळ नेमका कुठल्या दिवशी सोडणार ते इथल्या कोणालातरी फोन करून विचारा आणि मगच तिकीट काढा.

तिकीट म्हणजे रेल्वेचं. हल्ली बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने आधी नाही, त्यामुळे रिमाइंडर लावून सकाळी फोन हातात घेऊन बसा. मालवणला स्टेशन नाही हे अजूनही लोकांना सांगावं लागतं, कुडाळला उतरायचं, तिथून तीसेक किलोमीटर एसटीने नाहीतर रिक्षाने, कणकवली जरा लांब पडतं पण चालतं. नारळी पौर्णिमेला येणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा, कोकण रेल्वेचं तेव्हा पावसाळी वेळापत्रक चालू असतं, गाड्या हळू धावतात आणि वेळा बदललेल्या असतात, जुन्या स्क्रीनशॉटवर विसंबून स्टेशनवर गेलात तर गाडीऐवजी नुसता पाऊस भेटेल.

आता सगळ्यात जास्त निराशा जिथे होते ते. नारळी पौर्णिमेला सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायचा प्लॅन करून येऊ नका. पावसाळ्यात प्रवासी होड्या बंद असतात, किल्ला समोर दिसतो, अगदी हाताच्या अंतरावर वाटतो, पण मधे खवळलेला दर्या. मानाचं श्रीफळ मात्र आधी किल्ल्यावरूनच समुद्राला अर्पण होतं, शिवकाळापासूनची ही रीत असं आमच्याकडे सांगतात, आणि त्यानंतर शहरातले व्यापारी वाजतगाजत बंदर जेटीवर येऊन आपला नारळ सोडतात. म्हणजे तुमची जागा जेटीवर. दुपारी जेवून लोळत पडलात तर संपलं, तीनच्या आत जेटीच्या आसपास या, गाडी मात्र लांबच लावा, बाजारपेठेतला रस्ता अरुंद आहे आणि त्या दिवशी तिथे गाडी घातलीत तर तुमच्यासकट सगळ्यांचा सण हॉर्न वाजवण्यात जाईल.

सोबत एक नारळ हवाच. पुण्यामुंबईहून आणू नका हो, माडांच्या गावात नारळ घेऊन येणं म्हणजे काय बोलायचं! सकाळी बाजारात घ्या, घरी किंवा होमस्टेवाल्यांच्या देवाजवळ ठेवून हळदकुंकू लावा, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून मगच पाण्यात सोडा. पिशवीसकट सोडणारे पण बघितलेत मी. ज्यांच्या होड्या आहेत ते त्या दिवशी गाऱ्हाणं घालतात, दर्या शांत होऊ दे, जाळ्यात भरपूर मासळी येऊ दे, आणि बाजूचे लोक "व्हय महाराजा" म्हणतात. तेव्हा मधे घुसून फोटो काढू नका. मासेमारीची बंदी उठलेली असली तरी नारळ सोडल्याशिवाय होडी पाण्यात न ढकलणारी माणसं अजून आहेत, त्यांच्या पुऱ्या वर्षाच्या पोटाचा प्रश्न असतो तो.

दुसरा नारळ वेगळा घ्या, लढवायला. दोघे समोरासमोर उभे राहतात, एकजण आपला नारळ घट्ट धरतो, दुसरा त्यावर आपला आपटतो, ज्याचा फुटला त्याने तो समोरच्याला द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. मी कॉलेजात असताना देवळासमोरच्या टपरीवरचा छान गोल गरगरीत पाणीदार नारळ घेऊन ऐटीत गेलो आणि चौथीतल्या एका पोराने पहिल्याच फटक्यात तो फोडून नेला, वर म्हणाला, "दादा, अजून आसा काय?" तर पूजेचा नारळ इथे चालत नाही. लढवायला जुना, लहान, जाड करवंटीचा लागतो, आणि तो ओळखायची अक्कल आपल्याकडे नसेल तर एखाद्या म्हाताऱ्या दुकानदाराला निवडून द्यायला सांगा. तो चार नारळ कानाजवळ नेऊन टिचकी मारेल आणि एक हातात देईल, वाद घालू नका. गेली काही वर्षं बायकांच्या पण स्पर्धा होतात आणि तिथली चुरस पुरुषांपेक्षा जास्त असते, बायको-मुलीला आधीच सांगून ठेवा.

कपड्यांचं थोडक्यात: रेनकोट आणा, छत्री नको, समुद्रावरच्या वाऱ्यात ती उलटी होते आणि शेजारच्याच्या डोळ्यात जाते. रबरी चपला, झिपवाला पाऊच फोनसाठी, आणि थोडे सुटे पैसे, कारण गर्दीत नेटवर्क बसतं आणि यूपीआय गोल गोल फिरत राहतं. खाण्याचं म्हणाल तर श्रावण आहे, बऱ्याच घरात मासे नसतात, नारळीभात आणि पातोळे मिळाले तर गप खा, "सुरमई थाळी कुठेय" असा चेहरा करू नका.

पाडव्याला येणार असाल तर तयारी जवळजवळ उलटी. पाऊस गेलेला, होड्या सुरू झालेल्या, किल्ला सकाळीच उरकून घ्या, आत राजाराम महाराजांच्या काळातलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे ते चुकवू नका. शक्य असेल तर चावदिसाच्या, म्हणजे नरकचतुर्दशीच्या, आदल्या रात्रीच मुक्कामाला या, पहाटे तुळशीपुढे "गोविंदा, गोविंदा" म्हणत पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, त्याची कडू बी जिभेला लावायची आणि मग पाच-सहा प्रकारचे पोहे. हॉटेलात हे मिळत नाही म्हणून घरगुती ठिकाणी राहा.

पाडव्याला दुपारी देऊळवाड्यातून ग्रामदैवत रामेश्वर आणि नारायणाची पालखी निघते आणि सगळ्या शहराला वळसा घालते. आडवण, वायरी, मग किनाऱ्याने मोरयाचा धोंडा, दांडेश्वर, काळबादेवी, रामेश्वर मांड, नंतर बाजारपेठ आणि भरडावरून परत. मोरयाचा धोंडा म्हणजे १६६४ साली २५ नोव्हेंबरला शिवाजी महाराजांनी किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा केली ती जागा, खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेत. पूर्ण वेळ पालखीबरोबर चालायचं असेल तर पाण्याची बाटली, टोपी आणि वाळूत चालतील अशा चपला, नाहीतर सरळ दोन जागा पकडा. उन्हं कलताना किनारा, अंधार पडल्यावर बाजारपेठ. बाजारपेठेत दुकानदार रांगोळ्या घालून, दिवे लावून वाट बघत असतात, त्या रांगोळ्यांवरून चालू नका एवढं तरी. ओटी भरायची असेल तर सामान आधीच ताटात लावून ठेवा, पालखी समोर आल्यावर खण शोधत बसलं तर मागचे ढकलतात. ड्रोन घरी ठेवा.

परतीचं तिकीट त्या रात्रीचं काढू नका, पालखी देवळात परत जायला खूप उशीर होतो आणि कुडाळला जायला रिक्षा मिळत नाही. दुसऱ्या दिवशी निवांत उठा, बाजारात जाऊन आल्यागुळाचं खाजं घ्या. अर्धा किलो नको, किलोभर घ्या, अर्धं गाडीत चिपळूण यायच्या आतच संपतं.